न आलेल्या मालाची किंमत

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या मार्गावर, अडाण नदीच्या आश्रयाने वसलेल्या बोरी अरब या गावी लढाया झाल्या नाहीत, तह झाले नाहीत, आणि म्हणूनच बखरकारांनी त्याची दखल घेतली नाही. परंतु ज्या मुलखात नदीत रेती, माळावर काळा पाषाण आणि अरण्यात सागवान अशी घर बांधण्याची बहुतेक सामग्री निसर्गानेच मांडून ठेवली आहे, त्या मुलखातही पैसे मोजून दिलेल्या गृहस्थाचे काम विटेवाचून वा चुन्यावाचून तटून राहावे आणि त्याचे गाऱ्हाणे आधी पंचांपुढे, नंतर मुन्सिफापुढे व आता ग्राहक आयोगापुढे जावे, हा क्रम कारभाराच्या इतिहासाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

जुन्या वऱ्हाडी घराला लागे ते फार नव्हे: मातीच्या भिंती, सागाचे खांब व वासे आणि वर कवेलूंचे छप्पर. सुतार बलुत्यावर बांधलेला, कुंभार गावातलाच आणि दगड फोडणारे वडार-बेलदार हंगामात फिरत येणारे. तेव्हा साध्या घराच्या बाबतीत करार लेखी होण्याचे प्रयोजनच नसे. प्रश्न उद्भवे तो गढी, वाडा किंवा देवालय यांसारख्या मोठ्या कामात. तेथे इसार दिला जाई, कतबा लिहून घेतला जाई, आणि त्या कतब्यापेक्षाही अधिक वजनाचा असे तो जामीन. माणूस हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन आणि देणे स्वतः चुकते करण्याची हमी घेणारा तो मालजामीन, अशी त्यांची वर्गवारी होती. माल आला नाही तर प्रथम जामिनाच्या दाराशी जावयाचे, तेथेही दाद न लागल्यास तगादा लावून त्याच्या उंबऱ्यावर धरणे धरावयाचे. ही तगाद्याची रीत पेशव्यांच्या मुलखात इतकी रूढ होती, की एल्फिन्स्टनने 1819 सालच्या आपल्या अहवालात तिची आवर्जून नोंद केली. या पद्धतीविषयी हळवे होण्याचे कारण नाही. दुबळ्याचे धरणे आणि सावकाराचे धरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असे, आणि 1803च्या देवगावच्या तहापूर्वी निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दोअमली कारभारात पिचलेल्या वऱ्हाडात कोणत्या अमलदाराकडे फिर्याद न्यावी हाच एक स्वतंत्र पेच होता. तथापि तगाद्याच्या या रीतीचा एक विशेष मान्य केला पाहिजे: तिचा सारा रोख माल दारात आणून टाकण्यावर होता, त्याची किंमत ठरविण्यावर नव्हे.

1853च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, 1867 साली मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला, आणि त्याच्या पाठोपाठ सरक्या काढण्याचे कारखाने, कचेऱ्या, शाळा व पूल यांच्या रूपाने बांधकामाचा असा धडाका सुरू झाला, की गावच्या भट्टीवर व ओळखीच्या बेलदारावर भागण्याजोगे ते राहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत गेलेली अरुंद लोहवाट मुख्यतः कापसासाठी होती. पण कापूस नेणाऱ्या वाटेनेच पोलाद, पत्रे आणि पुढे सिमेंट येऊ लागले, आणि माल देणारा इसम हा समोरचा शेजारी न राहता कोठल्या तरी दूरच्या शहरातील पेढी झाला. अशा पेढीच्या उंबऱ्यावर धरणे कोण धरणार?

येथे 1872चा करार कायदा उभा राहिला. वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाच्याच स्वामित्वाचा असल्याने हिंदुस्थान सरकारचे कायदे येथे आपोआप नव्हे, तर निराळ्या हुकुमाने लागू करावे लागत. तो द्राविडी प्राणायाम संपविण्यासाठी 1941 साली वऱ्हाडच्या कायद्यांचा एक स्वतंत्र अधिनियम करावा लागला. करार कायद्याच्या 73व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत ती आमच्या विषयाची बाराखडीच होत. पहिल्यात पन्नास मण सोऱ्याचा सौदा मोडला आहे; आणखी एकात हजार टन लोखंड शंभर रुपये दराने पुरविण्याचे एकाने पत्करले, ते त्याने दुसऱ्याकडून ऐंशीने घेण्याचे ठरविले, दुसऱ्याने तो माल दिला नाही आणि त्यापायी वीस हजारांचा नफा बुडाला; तिसऱ्यात तर बांधकाम करणाऱ्याने घर असे बांधले, की ते ठरलेल्या तारखेपूर्वीच कोसळले. यांतील पहिल्यातून निघणारे मुख्य सूत्र असे, की माल ज्या दिवशी मिळावयाचा त्या दिवशीचा बाजारभाव आणि कराराचा भाव यांतील फरक वादीच्या पदरात पडावा. 1930च्या मालविक्री कायद्याने हा विषय वेगळा काढला. भरपाईचे माप मात्र बदलले नाही.

सूत्र निर्दोष दिसते, परंतु अडाणकाठच्या गृहस्थाला ते पुरत नाही, आणि त्याचे कारण पर्जन्य हे आहे. चैत्रात वीट आली नाही तर भिंत ज्येष्ठात उभी राहत नाही, भिंत नाही म्हणून छप्पर नाही, आणि पुराने नदी फुगली की रेतीचा उपसा थांबतो. म्हणजे हजार विटांच्या दरातील फरक थोडा असला तरी अख्खे वर्ष वाया जाते, आणि तो वर्षाचा तोटा दूरान्वयाचा म्हणून भरपाईत सहसा धरला जात नाही. कराराच्या वेळीच उभय पक्षांना तो ठाऊक असल्याचे शाबीत झाले तरच काही आशा. आणि शाबीत करणे ही किती बिकट गोष्ट आहे, हे मुरलीधर चिरंजीलाल यांच्या खटल्यात दिसून आले. तेथे माल घराचा नव्हता, कॅनव्हासचा होता. एक रुपया वार या दराने, 5 ऑगस्ट 1947 पर्यंत कानपूरहून कलकत्त्यास रवाना करावयाचा. माल गेला नाही. खरेदीदाराने कलकत्त्याचा भाव सांगितला. परंतु रेल्वेत माल चढवून देण्याची जागा कानपूर असल्याने तेथलाच भाव सिद्ध करावयास हवा होता, तो त्याने केला नाही, आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला रिक्त हस्ते परत पाठविले. न्यायाच्या दृष्टीने निकाल बिनचूक आहे. माझ्या मते मात्र त्यात या साऱ्या व्यवहाराचे मर्म उघडे पडते: जुन्या जामिनाला मालाचा ठावठिकाणा माहीत असावा लागे, नव्या वादीला मात्र न आलेल्या मालाचा त्या दिवशीचा व त्या ठिकाणचा दर माहीत असावा लागतो.

दुसरी अडचण करार कायद्याच्याच 55व्या कलमात दडलेली आहे. मुदत उलटून गेल्यावर आलेला माल गृहस्थ गरजेपोटी मुकाट्याने उतरवून घेतो. आणि उतरवून घेतेवेळी भरपाई मागणार असल्याची सूचना त्याने दिली नसेल, तर उशिराबद्दलचा त्याचा हक्क तेथेच संपतो. उशीर करणाऱ्याला याची चांगली माहिती असते.

दुसऱ्या महायुद्धाबरोबर नियंत्रणे आली आणि विक्रेत्याच्या हाती एक नवे उत्तर आले: परमिट नाही. सिमेंटवरील ही बंधने पुढे दीर्घकाळ टिकली, आणि त्यांचे राजकीय मोल किती होते ते 1982च्या जानेवारीत दिसले, जेव्हा सिमेंटचे वाटप व मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः आणि 1989 मध्ये पूर्णतः उठले. सिमेंट सुटले ते रेती अडकण्यासाठीच की काय! 2012च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरविली; नद्यांच्या हिताचा हा निर्णय योग्यच होता, परंतु घाटांचे लिलाव रखडले, की ट्रॅक्टरवाल्याने घेतलेला बयाणा आणि न आलेली रेती यांचे तंटे उभे राहतात. 2023 साली राज्याने सहाशे रुपये ब्रास या दराने सरकारी आगारातून रेती देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा कागदावरचा दर आणि दारातला दर यांतील अंतर हाच नवा वाद झाला.

1986च्या ग्राहक कायद्यापासून स्वतःच्या घरासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक या नात्याने जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता येते, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि तेथे तक्रारीस दोन वर्षांची तर दिवाणी दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे. तेव्हा बोरीत किंवा अन्यत्र जो कोणी यंदा बांधकाम काढील, त्याने बयाण्याच्या पावतीवर केवळ रक्कम लिहून घेऊ नये; किती ब्रास, कोणत्या ठिकाणी पोहोच, कोणत्या तारखेपर्यंत आणि पावसाआधी भिंत उभी करावयाची आहे, हे चार शब्द त्यात घालावेत, आणि उशिरा आलेला माल उतरवून घेण्यापूर्वी दोन ओळींची लेखी सूचना देऊन तिची पोच जपून ठेवावी.