मठ गेला, गिरणी राहिली

मठ म्हटला की प्रार्थना, ग्रंथ आणि मौन आठवते. पीठ सहसा आठवत नाही. वास्तविक शक्य असेल तर मठाच्या आवारातच पाणी, गिरणी व बाग असावी, असे संत बेनेडिक्टांनी आपल्या नियमावलीच्या ६६ व्या प्रकरणात सांगून ठेवले आहे.

इंग्लंडमध्ये विंचेस्टर शहरातील इचेन नदीवरची पाणचक्की अशीच बेनेडिक्टाइन धर्मभगिनींची. मात्र ती आवारात नव्हती; त्यांचा वेरवेलचा मठ शहराबाहेर दूर होता. १०८६ च्या 'डूम्सडे' पाहणीत तिचे वार्षिक उत्पन्न ४८ शिलिंग नोंदलेले आहे. त्या काळी ही रक्कम भरघोस होती. पुढे महामारी आली, शहराचा व्यापार ओसरला आणि गिरणीही खालावली. १५३९ साली आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला व त्याची मालमत्ता राजसत्तेकडे गेली. १५५४ मध्ये त्याचीच कॅथलिक कन्या राणी मेरी हिचा विवाह स्पेनच्या फिलिपशी विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये झाला. त्या समारंभाच्या खर्चाची अंशतः भरपाई म्हणून तिने ही गिरणी शहराला दिली. बापाने हिसकावलेले लेकीने दिले खरे, पण धर्मभगिनींना नव्हे! हा राजविवाह सर्वांना आठवतो. साडेचार शतके गिरणी सांभाळणाऱ्या त्या भगिनींची आठवण कोण काढतो?

आजची इमारत १७४३-४४ ची. (आपल्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्कीही १७४४ चीच मानतात, तीही दर्ग्याच्या आश्रयाने यात्रेकरूंसाठी दळत असे.) विसाव्या शतकाच्या आरंभी विंचेस्टरचे दळण थांबले, तेथे काही काळ धुलाईघर चालले. १९२८ मध्ये इमारत पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा काही सज्जनांनी ती विकत घेऊन नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. १९३१ पासून २००५ पर्यंत तेथे तरुण प्रवाशांचे वसतिगृह होते.

छप्पर शाकारून दाराशी पाटी लावली म्हणजे जतन झाले, असे आम्ही मानत नाही. येथे अनेक वर्षे खपून यंत्रणा पुन्हा उभारली गेली आणि मार्च २००४ मध्ये, सुमारे नव्वद वर्षांनंतर, गहू पुन्हा दगडांत पडला. आपल्या घरच्या जात्यासारखेच हे काम : खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, फिरविणारा हात तेवढा नदीचा. दगड गुळगुळीत झाले की यांनाही टाकी लावावी लागते. कोंड्यासकटचे ते पीठ लोक पिशवीतून घरी नेतात आणि त्याचा पाव भाजतात.