सागवानी डबा आणि तिसरा दर्जा

१ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ मुंबई-पुणे मार्गावर पहिल्यांदा धावली. दरवर्षी या तारखेला तिचा वाढदिवस होतो, केक कापला जातो, जुने फोटो फिरतात. आमच्या चिंचवड-पिंपरीतून ही गाडी रोज न थांबता जाते, तरी तिचे कौतुक आम्हालाही आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट राहून जाते. पहिली २५ वर्षे या गाडीत तिसरा दर्जाच नव्हता. म्हणजे ज्या माणसांच्या शेताशेजारून ती जात होती, त्यांतल्या बहुतेकांच्या खिशाला परवडेल असे तिकीटच तिच्यात मिळत नव्हते.

सुरुवातीला सात-सात डब्यांच्या दोन गाड्या तयार केल्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर लाल पट्टे. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांचा खालचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आला आणि वरचे अंग जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात घडले. त्या काळी प्रवासी डबा म्हणजे लोखंडी पायावर उभे केलेले लाकडी घरच असे. सागवान त्यासाठी उत्तम, कारण ते पावसात फुगत नाही, उन्हात तडकत नाही आणि वाळवीला सहसा दाद देत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून माझे लक्ष या कामातल्या शब्दांकडे जाते. लाकूड गुळगुळीत करणारा रंदा फारसी. काटकोन पाहायचा गुण्या फारसीतून आला. खिडकीचे गज, छताची तक्तपोशी, दरवाजा, कारागीर आणि कारखाना हे सगळे फारसीचेच. खुर्ची अरबी. मिस्त्री मात्र पोर्तुगीज. सुतार कोणत्याही जातिधर्माचा असो, त्याची भाषा अशी मिसळलेली होती. आपल्याकडे इतिहासात मुसलमान शोधायचा म्हणजे बादशहा, नाहीतर सरदार. सुताराच्या पेटीत कोणी डोकावत नाही.

याच यादीतला आणखी एक शब्द म्हणजे ‘दर्जा’. मूळ अरबी, अर्थ पायरी. रेल्वेने माणसांना पायऱ्यांवर बसवले, तेव्हा मराठीने हाच शब्द उचलला.

सर्वांत खालच्या पायरीवर काय होते, ते गांधीजींनी लिहून ठेवले आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये ते मुंबईहून मद्रासला मेलगाडीने तिसऱ्या दर्जाने गेले. भाडे १३ रुपये ९ आणे. डब्यावर लिहिले होते २२ प्रवासी. गाडीत दोन रात्री काढायच्या होत्या, पण नीट आडवे होण्याची सोय नव्हती. पुण्यापर्यंत गर्दी आवाक्यात राहिली, ती आतल्या दांडग्या प्रवाशांनी बाहेरच्यांना अडवून धरल्यामुळे. रायचूरनंतर मात्र ती असह्य झाली. हा डबा याच आमच्या मार्गाने, खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला आला होता. १८५८ मध्ये सुरू झालेल्या खंडाळा-पुणे लोहमार्गावर तेरा वर्षांनी डेक्कन क्वीन आली. रूळ तेच होते, पण एका डब्यात नक्षी आणि दुसऱ्यात उघडी फळी.

त्या फळीने एक काम मात्र केले. तिच्यावर शेजारी कोण बसेल, हे ठरवता येत नव्हते. गर्दीत खांद्याला खांदा लागायचाच. पण गाडी स्थानकात थांबली की देशात अनेक ठिकाणी ‘हिंदू पाणी’, ‘मुस्लिम पाणी’ अशा हाका ऐकू यायच्या. आत बाक एकच आणि फलाटावर घडे वेगळे! आपण पुढे या दोन्हींतले काय उचलले, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

लाकडाचा दुसरा दोष दर्जा पाहत नव्हता. दोन गाड्यांची टक्कर झाली की एका डब्याचा लोखंडी पाया दुसऱ्याच्या पायावर चढायचा आणि लाकडी अंग चिरत आत घुसायचा. जुन्या दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी, तसा डब्यात डबा शिरायचा. वर आगीची भीती. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या क्विंटिनशिल येथे सैनिकांच्या गाडीचे जुने लाकडी डबे, ज्यांत गॅसचे दिवे होते, टकरीनंतर पेटले. दोनशेहून अधिक माणसे मेली.

यावर उपाय होता पोलादी अखंड डबा. त्यात पाया, भिंती आणि छत जोडून एकच मजबूत नळी होते. टकरीचा धक्का डब्याची टोके झेलतात आणि माणसे बसतात तो भाग वाचतो. असे डबे बनवण्यासाठी मद्रासजवळ पेरांबूरला स्विस कंपनीच्या मदतीने कारखाना उभा राहिला. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी जूनमध्ये डेक्कन क्वीनला तिसरा दर्जा जोडला गेला होता. १९६६ मध्ये तिचे जुने डबे गेले आणि पेरांबूरचे पोलादी डबे आले.

१९७४ मध्ये ‘तिसरा दर्जा’ हे नाव रद्द होऊन त्याला ‘दुसरा’ म्हणू लागले. पाटी बदलली, फळी तीच राहिली. फरक पडला तो मधू दंडवते यांच्यामुळे. राजापूरचे हे खासदार १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या दर्जाच्या शयनयानातल्या लाकडी बर्थवर दोन इंच जाडीचा फोम घालायचा निर्णय त्यांचा. वरच्या दर्जाची गादी काढून घेतली नाही, खालच्याला गादी दिली. दर्जा खरोखर वाढला तो इथे. जनरल डब्यातली फळ्यांची बाके मात्र माझ्या पिढीनेही पाहिली आणि त्यांवर बसून प्रवासही केला.

आज चाकणच्या कारखान्यांत काम करायला आलेली कितीतरी मुले बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून जनरल डब्यानेच येतात. अनेकदा दाराजवळ बसून, कधी रात्रभर उभी राहून. डबा पोलादी आहे, पण त्यावर लिहिलेली प्रवाशांची संख्या १९१७ इतकीच नावापुरती आहे. संग्रहालयात चकाकणारा सागवानी डबा मुलांना जरूर दाखवावा. तो खरेच देखणा असतो. फक्त तो घडवणाऱ्या हातांविषयी सांगावे आणि त्यात कोणाला बसता येत नव्हते, तेही सांगावे.