मारिओचें नाकारलेलें रूपांतर

देवलांनीं 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हां शेक्सपिअरची अनुज्ञा मागण्याचा प्रश्न उद्भवला नव्हता. त्यांच्यापुढें अडचण होती ती भाषेची आणि रंगभूमीची. एका खेळयंत्रासाठीं रचलेला खेळ संगणकावर आणणाऱ्यांस मात्र दोन अडचणी एकदम भेटतात. यंत्राची घडण निराळी, म्हणून कसब हवें. आणि खेळाचा धनी हयात, म्हणून परवानगी हवी. अमेरिकेंत १९९० मध्यें कांहीं तरुणांपुढें या दोन्ही अडचणी एकामागून एक उभ्या राहिल्या, त्यांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९८३ मध्यें टेलिव्हिजनला जोडावयाचें 'फॅमिकॉम' नांवाचें खेळयंत्र काढलें. त्याच्या पोटांत केवळ चित्रें रंगविण्याचें काम करणारी एक स्वतंत्र चिप होती. मारिओ धांवतो आहे आणि डोंगर, ढग, विटा मागें पडत आहेत, हा जो आगगाडीच्या खिडकींतून पाहिल्यासारखा भास होतो, तो या चिपची करणी. कचेरीच्या कामासाठीं घडविलेल्या आय. बी. एम. जातीच्या संगणकांत असा खास कारागीर नव्हता. तेथें देखावा तसूभर सरकवावयाचा, तर ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपक्यांचा सारा पडदा पुन्हा रंगवावा लागे, आणि तोंपर्यंत खेळाची गंमत निघून जाई. ही अडचण काल्पनिक नव्हती. १९८६ मध्यें निंटेंडोच्याच परवानगीनें हडसन सॉफ्ट या कंपनीनें 'सुपर मारिओ ब्रदर्स स्पेशल' हा खेळ जपानी संगणकांवर आणला होता. परवाना होता, पण पडदा सरकत नव्हता; मारिओ कडेला पोंचला कीं एक चित्र जाऊन दुसरें येई. दर दहा पावलांस पडदा पाडणाऱ्या नाटकांत रस कसा टिकावा?

लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट या गांवीं सॉफ्टडिस्क नांवाची एक कंपनी होती. तेथें नोकरीस असलेल्या जॉन कारमॅक या वीस वर्षांच्या तरुणानें ही गांठ सोडविली. त्याची युक्ति ऐकावयास सोपी आहे. संगणकाच्या चित्रपत्रिकेंत पडद्यावर दिसतें त्याहून मोठें चित्र ठेवण्यास जागा होती, व तें कोठून दाखवूं लागावयाचें हें ठरवितां येत असे. तेवढ्या जागेंत देखावा न रंगवितांच सरकवावयाचा. आणि जागा संपली कीं चौकोनी तुकड्यांपैकीं जे बदलले असतील तेवढेच रंगवावयाचे. निळ्या आकाशाच्या जागीं निळेंच आकाश यावयाचें असेल, तर हात लावावयाचा नाहीं! यंत्राचें दारिद्र्य काटकसरीनें झांकण्याचा हा प्रकार आम्हांला थोर कारागिरीचा वाटतो.

सप्टेंबर १९९० मधील एका रात्रीं कारमॅक आणि त्याचा सहकारी टॉम हॉल यांनीं 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' या खेळाचा पहिला टप्पा संगणकावर जसाच्या तसा उतरविला. मारिओच्या जागीं मात्र त्यांनीं आपला मित्र जॉन रोमेरो याच्या एका जुन्या खेळांतील डेव्ह हें पात्र उभें केलें, आणि त्या करामतीच्या नांवांतच 'स्वामित्वहक्काचा भंग' हे शब्द घातले. आपण काय करीत आहों, हें पोरांना पुरतें ठाऊक होतें. सकाळीं रोमेरो कामावर आला तों टेबलावर फ्लॉपी. ती चालवून पाहतांच, आतां या नोकरींत आपण राहणार नाहीं, हें त्यानें ओळखलें.

पुढें या मंडळींनीं खऱ्या मारिओसह खेळाचा मोठा नमुना तयार केला, तोही कचेरीचे संगणक घरीं नेऊन. सेवकधर्माच्या दृष्टीनें याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण त्यांनीं तो चोरून विकला नाहीं, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. नमुना निंटेंडोकडे पाठवून त्यांनीं रीतसर परवानगी मागितली. काम पसंत पडलें, मागणी नाकारली गेली. मारिओ खेळावयाचा तर आमचें यंत्र घ्या, यावरच ज्या कंपनीचा व्यापार उभा, तिनें दुसरें काय करावें? हक्क तिचा होता, आणि हिशेबही चुकीचा नव्हता. तरी या नकारांत एक कोतेपणा आम्हांस दिसतो: तोच मारिओ १९९२ च्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या हातून, निंटेंडोच्या परवान्यानें, संगणकावर आला, पण टंकलेखन शिकविणारा मास्तर म्हणून!

नाकारलेल्या युक्तीवर तरुणांनीं स्वतःचा 'कमांडर कीन' रचला. १४ डिसेंबर १९९० रोजीं त्याचा पहिला भाग फुकट वांटला गेला. पुढील दोन टपालानें विकत मिळत. फेब्रुवारी १९९१ मध्यें इड सॉफ्टवेअर ही त्यांची कंपनी निघाली, १९९३ मध्यें त्यांचा 'डूम' आला, आणि १९९५ मध्यें तो 'डूम' निंटेंडोच्याच यंत्रावर नेण्यांत आला. प्रवाहाची दिशा पांच वर्षांत उलटली ती अशी.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. खेळयंत्राचें भूषण ठरलेला 'हेलो' २००३ मध्यें संगणकावर आला. सोनी कंपनीनेंही आपला 'होरायझन झीरो डॉन' हा २०१७ चा खेळ २०२० मध्यें संगणकास दिला. उशिरानें मिळालेली ही उदारता खपाकडे पाहूनच आलेली आहे, पण रसिकानें त्याबद्दल तक्रार करूं नये. निंटेंडोच्या बाबतींत मात्र रसिकांनींच धीर सोडला. 'सुपर मारिओ ६४'ची मूळ रचना त्यांनीं उलगडून २०१९ मध्यें प्रसिद्ध केली, आणि पुढील वर्षीं तो विनापरवाना संगणकावर चालूं लागला. कंपनीच्या वकिलांनीं दुवे काढावयास लावले. यंत्रें झिजतात, कारखाने तीं करणें बंद करतात. त्यांच्याबरोबर कृतीनेंही मरावें काय, या प्रश्नाचें उत्तर वकिलांच्या पत्रांत नसतें.

१९९० चा तो नमुना पंचवीस वर्षें लोकांच्या दृष्टीस पडला नाहीं. २०१५ मध्यें रोमेरोनें त्याचें चलच्चित्र दाखविलें. २०२१ मध्यें तो नमुना न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाच्या हातीं लागला, आणि अभ्यासकांसाठीं तेथें जतन करून ठेवण्यांत आला.