कुवेतची ठेव आणि कुवेतचा ड्राफ्ट

कळवा-मुंब्र्यात कोकणातून आलेली मुस्लिम कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकांचे कोणी ना कोणी आखातात राबले आहे. माझे मामू कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि लाखाहून अधिक भारतीयांबरोबर तेही एका बॅगेनिशी परतले. नानीला दरमहा येणारा ड्राफ्ट बंद झाला. पुढच्याच वर्षी देशावर परकीय चलनाचे संकट कोसळले. युद्धामुळे तेल महागले आणि तिजोरी रिकामी झाली, एवढेच आपण मुलांना शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

परदेशातून येणारा आपल्या माणसांचा पैसा दोन प्रकारचा होता. एक घरखर्चाचा, दुसरा ठेवींचा. १९७५ पासून अनिवासी भारतीयांना इथल्या बँकेत परकीय चलनात ठेव ठेवता येई. त्यावर व्याज परदेशापेक्षा जास्त मिळे. शिवाय रुपया घसरला तरी ठेव त्याच चलनात परत. तोटा रिझर्व्ह बँकेच्या माथी. म्हणजे नफा ठेवीदाराचा आणि जोखीम देशाची! ठेवी वाढल्या यात नवल नाही. सूद घ्यावा की नाही हा आपल्या घराघरांतला वाद बाजूला ठेवू. पण त्याच्या ओढीने आलेला पैसा भीतीने किती लवकर पळतो, हे पाहण्यासारखे आहे. एप्रिल ते जून १९९१ या तीन महिन्यांत सुमारे ९५ कोटी डॉलरच्या अनिवासी ठेवी निघून गेल्या. जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले.

घरखर्चाच्या पैशाची चाल निराळी. तो व्याज पाहत नाही, विनिमयाचा दर मात्र पाहतो. सरकारी दर कमी असे तेव्हा बरीच रक्कम हवाल्याने येई. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोपवला गेला. त्याच दिनारचे बँकेतही वाजवी रुपये मिळू लागले आणि लोक बँकेकडे वळले.

२०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हाही सवलती देऊन अशाच ठेवी मागवाव्या लागल्या. सुमारे २,६०० कोटी डॉलर आले.

वाचकहो, संकटाच्या इतिहासात ठेवीदारांची नोंद होते, ड्राफ्ट पाठवणाऱ्या मजुरांची क्वचितच. मामू पुढे पुन्हा कुवेतला गेले. पहिला ड्राफ्ट आला, तेव्हा नानीने व्याजाचा दर विचारला नव्हता.