एका पुस्तकाची जन्मतारीख

जॉन लॉकचं 'टू ट्रीटिजेस ऑफ गव्हर्न्मेंट' १६८९ च्या अखेरीस लंडनमध्ये विक्रीला आलं. शीर्षकपृष्ठावर साल होतं १६९०, लेखकाचं नाव मात्र कुठेच नव्हतं. जेम्स दुसरा नुकताच देश सोडून पळाला होता आणि विल्यम गादीवर बसला होता. प्रस्तावनेत विल्यमचा गौरवही होता. तेवढ्यावरून पुढची अडीचशे वर्षं बहुतेक अभ्यासक धरून चालले, की झालेल्या क्रांतीचं समर्थन करण्यासाठीच हा ग्रंथ लिहिला गेला.

या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला केंब्रिजच्या पीटर लॅस्लेटने. दुसऱ्या महायुद्धात तो जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर होता. नंतर तो लॉकची कागदपत्रं आणि त्याच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं धुंडाळत बसला. रॉबर्ट फिल्मरच्या मते राजाची सत्ता आदमकडून वारशाने आलेली होती, आणि लॉकने खोडून काढलं ते हेच. ग्रंथाच्या दुसऱ्या भागातला फिल्मरचा एक संदर्भ त्याच्या निबंधसंग्रहाच्या १६७९ च्या छपाईची पानं धरून दिलेला आहे, तर पहिल्या भागातले संदर्भ १६८० च्या छपाईचे आहेत. लॅस्लेटचा निष्कर्ष असा, की दुसरा भाग आधी लिहिला गेला आणि ग्रंथाचा बराचसा भाग १६७९ ते १६८१ या काळातला आहे. चार्ल्स दुसऱ्यानंतर त्याच्या कॅथलिक भावाला, म्हणजे याच जेम्सला, गादी मिळू नये म्हणून तेव्हा पार्लमेंटमध्ये झुंज चालू होती. म्हणजे ही पानं लिहिली जात होती तेव्हा क्रांती व्हायची होती.

एका पानाच्या आकड्याने केवढं बदललं पाहा! विजयानंतरचं समर्थन म्हणून वाचलेला ग्रंथ आता जिवावर बेतणारा मजकूर ठरतो. १६८३ मध्ये अल्जर्नन सिडनीला मृत्युदंड झाला, तेव्हा फिल्मरविरुद्धचं त्याचं अप्रकाशित हस्तलिखित खटल्यात पुरावा म्हणून वापरलं गेलं होतं. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला. कर्तेपणाची कबुली त्याने दिली ती १७०४ मध्ये, मृत्युपत्राच्या पुरवणीत.

लॅस्लेटची संपादित आवृत्ती १९६० मध्ये निघाली. तो स्वतः पुढे लोकसंख्येच्या इतिहासाकडे वळला, पण वाट पडली होती. जे. जी. ए. पोकॉक १९५७ पासूनच सतराव्या शतकातल्या कायदेपंडितांची भाषा तपासत होते. १९६९ मध्ये क्वेंटिन स्किनर यांनी एका लेखात या पद्धतीचं तत्त्व मांडलं: लेखक काय म्हणतो एवढंच पाहून भागत नाही, ते म्हणताना तो कोणाला उत्तर देतो, कोणाला अडवतो, हेही शोधावं लागतं. कॉलिंगवूडचा प्रश्नोत्तराचा विचार आणि ऑस्टिनचं भाषाविषयक तत्त्वज्ञान त्यामागे होतं. लोक याला 'केंब्रिज स्कूल' म्हणतात.

लॅस्लेटचं सगळंच टिकलं असं नाही. रिचर्ड ॲशक्राफ्ट यांनी १९८६ मध्ये त्याचा क्रम नाकारला आणि दुसरा भाग १६८१-८२ मधला ठरवला. तरी तोही क्रांतीच्या आधीचाच.

आपल्याकडे पाश्चात्त्य राजकीय विचाराच्या अभ्यासक्रमात प्लेटोपासून मार्क्सपर्यंत नावं ओळीने येतात, आणि फिल्मर बहुधा वगळला जातो. लॉक वाचायला घ्याल तेव्हा आधी फिल्मरचं 'पॅट्रिआर्का' वाचा. ते छोटं आहे.