सागवानाचे तेज : जवस, लाख आणि आपला हात

आपल्या सुतार समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नावे व देणगीदारांची यादी येते. ते योग्यच आहे. परंतु ज्या विद्येवर वाडवडिलांनी संसार केले, तिचा इतिहासही कोठे तरी टिपला जावा, म्हणून लाकडावर द्यावयाच्या पारदर्शक लेपाविषयी चार शब्द लिहीत आहे.

माहूरच्या भोवती सागाचे व पळसाचे रान आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट-माहूरचा हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. खेळण्यांसाठी नावाजलेले निर्मळही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. तेथील कारागीर हलके, पांढरे लाकूड कोरतात, त्यावर चिंचोक्यांची खळ चढवितात व अखेर रंगाने ते सर्वस्वी झाकून टाकतात. सागाची गोष्ट निराळी. त्याची रेघ हेच त्याचे भूषण. त्याला लेप हवा तो रक्षण करणारा, परंतु स्वतः न दिसणारा.

असा पहिला लेप म्हणजे जवसाचे तेल. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. खोबरेल तसे होत नाही, चिकटच राहते. तेलाचा पातळ हात द्यावा, उरलेले पुसून काढावे आणि पुरते वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. तेलाच्या चिंध्या मात्र कधीही गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

दुसरा लेप लाखेचा. पळस, बोर व कोशिंब या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची ही राळ. अथर्ववेदात लाक्षेचे औषधी म्हणून स्तवन आहे आणि महाभारतातील लाक्षागृह तर सर्वांस ठाऊक आहे. परदेशी व्यापाऱ्यांना लाखेचा तांबडा रंगही हवा असे. १८५६ साली पर्किनने कृत्रिम रंग शोधला. पुढे अशा रंगांपुढे लाखेच्या रंगाचा व्यापार बसला आणि राळेलाच महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने चढविण्याची रीत रूढ झाली. तीच 'फ्रेंच पॉलिश' होय. आपल्या रानातील राळ अशी परक्या नावाने आपल्याच दिवाणखान्यात परत आली! ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच असत. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. मी शाळकरी असताना, गौरी-गणपती तोंडावर आले म्हणून, आजोबांनी घडविलेल्या चौरंगावर भर पावसाच्या दिवशी लाखेचा हात दिला. तासाभरात सगळा पृष्ठभाग दुधासारखा पांढरा झाला. मी रडकुंडीस आलो. आजोबा रागावले नाहीत. पाऊस उघडून कोरडे ऊन पडल्यावर त्यांनी बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन तो हलक्या हाताने फिरविला, आणि सागाची रेघ पुन्हा उजळली. स्पिरिट उडताना लाकूड थंड पडते व दमट हवेतील पाणी लेपात अडकते, हे कारण मला पुढे समजले. त्यांनी मात्र एवढेच सांगितले, "पोरा, लाख चूक पोटात घालते. पण हवा पाहूनच हात लाव."

आज मेलामाइन व पॉलियुरेथेन ही नवी रोगणे आली आहेत. पाणी व गरम भांडी लाखेपेक्षा त्यांना अधिक सोसतात. म्हणून जेवणाच्या मेजास तीच योग्य. लाखेवर गरम पेला ठेवला की पांढरे कडे उमटते. परंतु नवा लेप एकदा तडकला की स्पिरिटच्या बोळ्याने सांधत नाही; बहुधा घासूनच काढावा लागतो. यास्तव देव्हारा, पाळणा, चौरंग अशा पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या वस्तूंना लाख किंवा जवसच द्यावे. नातवालाही ते दुरुस्त करता येते.

तो चौरंग आजही आमच्या घरी गणपतीस लागतो. आजोबांचे लाखेचे प्रमाण मात्र मी लिहून घेतले नाही, ही खंत आहे. आपल्या घरी रंधा धरलेले वृद्ध असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. लाकडाचे तेज पुन्हा आणता येते. हातांबरोबर गेलेली विद्या आणता येत नाही.