तारेच्या चाकाची वीण

सायकल-दुरुस्तीच्या दुकानापुढून आपण नित्य जातो. परंतु चाकातील आऱ्यांची मांडणी आपण क्वचितच न्याहाळतो. तुंब्यापासून निघालेले आरे सरळ रिमकडे न जाता तिरपे धावतात आणि वाटेत परस्परांना छेदतात. ही वीण शोभेसाठी नाही. तिच्यामागे एका अडचणीचा इतिहास आहे; तोच येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

बैलगाडीचा भार तुंब्याखालच्या लाकडी आऱ्यावर उभा राहतो. बारीक तार असा भार सोसत नाही, ती वाकते. ओढ मात्र ती उत्तम सोसते. म्हणून तारेच्या चाकात सर्व आरे आधीच ताणून ठेवावे लागतात. १८६९ साली पॅरिसच्या यूजेन मेयर याने अशा चाकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ ही उंच चाकाची सायकल सिद्ध केली. स्टार्ली हा शेतकऱ्याचा मुलगा. आरंभी माळीकाम करणारा आणि पुढे शिवणयंत्रांच्या धंद्यात शिरलेला.

एरियलचे आरे किरणांसारखे सरळ होते. भार पेलण्यास ते पुरेसे होते. पण त्या काळी पेडल पुढील चाकाच्या तुंब्यालाच असत. स्वाराने जोर लावताच तुंबा पुढे फिरू पाही, रिम मागे राही, आणि हा पीळ सरळ आऱ्यांना नीट आवरत नसे. १८७४ साली स्टार्लीने आरे तुंब्याच्या स्पर्शरेषेत बसविले. निम्मे एका दिशेस, निम्मे उलट दिशेस. आता तुंबा फिरला की निम्मे आरे अधिक ताणले जात व रिमला ओढून नेत. जो पीळ होता, त्याची ओढ झाली. आणि ओढ हेच तारेचे बळ.

१८८१ साली स्टार्ली वारला. १८८५ मध्ये त्याच्या पुतण्याने, जॉन केंप स्टार्लीने, ‘रोव्हर’ काढली. साखळीमुळे पीळ मागील चाकाकडे गेला. म्हणूनच शर्यतीच्या काही सायकलींत पुढचे आरे आजही सरळ असतात, मागचे मात्र तिरपे. पण ब्रेक तुंब्यात असेल, तर पुढेही तिरपीच वीण हवी.

तार तीच राहिली, केवळ तिची दिशा बदलली. जिचा जो गुण, त्याच गुणाला कामास लावणे, यातच या कारागिराचे मोठेपण आहे, असे आम्हांस वाटते.